जेफरसनच्या गुरूचा खून आणि न टिकलेला खटला

मागच्या लेखात अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचे गुरू म्हणून व्हर्जिनियाचे वकील आणि न्यायाधीश जॉर्ज विथ यांचा ओझरता उल्लेख आला आणि त्यांच्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर देतो आहे.

प्रश्न : त्या काळी अमेरिकेत कायद्याचे कॉलेजच नव्हते, मग हे विथ वकील कसे झाले? आणि गुरू कोणाकोणाचे?

जन्म 1726 चा, व्हर्जिनियातला, आजच्या हॅम्प्टन शहराच्या परिसरात. चेस्टरव्हिल नावाची त्यांची वडिलोपार्जित शेतीवाडी जिथे होती, तिथे आज नासाचे लँगली केंद्र आहे. वडील लहानपणीच गेले. मालमत्ता थोरल्या भावाकडे गेली, म्हणजे धाकट्याला काहीतरी विद्या शिकणे भागच होते. तेव्हाची रीत अशी की एखाद्या वकिलाच्या कचेरीत राहायचे, दस्त नकलून काढायचे आणि जमेल तेवढा कायदा स्वतःच वाचायचा. विथही एका नातेवाईक वकिलाकडे असेच राहिले आणि विशीतच सनद मिळवली.

उमेदवारांना नकलनविशीतच जुंपायचे, ही ती रीत त्यांनी स्वतः गुरू झाल्यावर मोडली. जेफरसन त्यांच्याकडे पाच वर्षे शिकला. 1779 मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात अमेरिकेतले कायद्याचे पहिले अध्यासन (प्राध्यापकपद) निघाले, ते विथना मिळाले. विद्यार्थ्यांकडून ते लुटुपुटीचे खटले चालवून घेत आणि लुटुपुटीचे विधिमंडळही भरवत. पुढे सरन्यायाधीश झालेला जॉन मार्शल 1780 मध्ये काही आठवडे या वर्गात होता. पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झालेला हेन्री क्ले तर पोरवयात, विथ यांच्या म्हातारपणी, त्यांचा लेखनिक होता. विथ यांचा हात संधिवाताने धरलेला, म्हणून निकालपत्रे क्ले लिहायचा. त्यातली ग्रीक अवतरणे पोराला एक अक्षरही न समजता चितारावी लागत.

प्रश्न : त्यांचे कुटुंब? मुलेबाळे?

पहिली पत्नी ॲन लुईस, एका ज्येष्ठ वकिलाची मुलगी. लग्न 1747 च्या डिसेंबरात झाले आणि वर्षही पुरे व्हायच्या आत ती वारली. दुसरे लग्न 1755 च्या सुमारास, एलिझाबेथ टॉलिव्हरशी. तिच्या वडिलांनी विल्यम्सबर्गमध्ये बांधलेल्या विटांच्या घरात या जोडप्याने संसार केला. एकच मूल झाले, तेही तान्हेपणीच गेले. 1787 मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटनेची परिषद चालू असताना पत्नीच्या आजारपणामुळे विथ ती सोडून परतले. म्हणून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, राज्यघटनेवर नाही. त्याच ऑगस्टमध्ये एलिझाबेथ वारली. पुढे 1791 मध्ये ते रिचमंडला राहायला गेले. आता घरात रक्ताचे कोणी नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रश्न : मी एलएलबीला आहे. न्यायालयीन पुनर्विलोकन (घटनेविरुद्ध असलेला कायदा न्यायालयाने रद्द करणे) म्हटले की आम्हाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1803 चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा निकाल सांगतात. विथ यांनी हे आधीच म्हटले होते का?

म्हटले होते, पण त्याला पहिला निवाडा म्हणू नका. 1782 च्या कॉमनवेल्थ विरुद्ध कॅटन या खटल्यात राजद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना विधिमंडळाच्या एकाच सभागृहाने माफी दिली होती. ती वैध की नाही, हा प्रश्न होता. विथ यांच्या म्हणण्याचा आशय असा : अख्खे विधिमंडळ जरी हद्द ओलांडू लागले, तरी मी या आसनावरून घटनेकडे बोट दाखवून सांगेन की तुमच्या अधिकाराची सीमा इथे संपते. न्यायालयाने माफी अवैध ठरवली, कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला नाही. शिवाय त्या निकालाचा आज वाचला जाणारा वृत्तांत पुष्कळ वर्षांनी छापला गेला. परीक्षेत लिहायचेच तर ‘पूर्वसूचना’ म्हणून लिहा.

प्रश्न : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याच्या घरी गुलाम होते?

होते. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी काहींना मुक्त केले, पण काहींना सासरच्या नातेवाइकांकडे सोपवलेही. गौरवपर चरित्रांत पहिली बाब ठळक असते आणि दुसरी सापडत नाही.

न्यायाधीश म्हणून मात्र ते एकदा फार पुढे गेले. जॅकी राइट आणि तिच्या मुलींनी आपण एका मूलनिवासी स्त्रीच्या वंशातल्या, म्हणून स्वतंत्र आहोत, असा दावा केला. विथ यांनी त्यांना मुक्त केलेच, वर व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार देऊन स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे असे ठरवले. 1806 मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण हे कारण पुसून टाकले. गोऱ्या किंवा मूलनिवासी दिसणाऱ्याला स्वतंत्र मानायचे, काळ्याने मात्र आपले स्वातंत्र्य सिद्ध करायचे, असा नियम घातला. तो घालणाऱ्यांत विथ यांचाच शिष्य सेंट जॉर्ज टकर होता.

प्रश्न : त्यांना विष घातले गेले हे खरे का? मग कोणाला शिक्षा कशी झाली नाही?

1806 मध्ये विथ ऐंशीच्या घरात होते. घरात लिडिया ब्रॉडनॅक्स ही स्वयंपाकीण होती. तिला त्यांनी 1787 मध्येच मुक्त केले होते. मायकल ब्राउन हा मिश्रवर्णी, स्वतंत्र मुलगाही होता, त्याला विथ स्वतः शिकवत. (तो लिडियापासून झालेला त्यांचाच मुलगा, हा प्रवाद एका वाचकाने विचारला आहे. त्या काळच्या कागदपत्रांत त्याला आधार नाही आणि मायकलच्या जन्माच्या वेळी लिडिया बरीच वयस्क होती.) तिसरा जॉर्ज विथ स्वीनी, बहिणीचा नातू. हा पोरगा जुगारात बुडालेला, आजोबांच्या नावाने खोटे चेक वटवणारा. मृत्युपत्रात मोठा वाटा त्याचा होता, पण एक वाटा मायकललाही होता आणि मायकल आधी मेला तर तोही स्वीनीकडे यायचा होता.

मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी विथ, मायकल आणि लिडिया तिघे कॉफीनंतर कोसळले. 1 जूनला मायकल गेला. विथ यांनी अंथरुणावरूनच मृत्युपत्र बदलून स्वीनीला बेदखल केले आणि 8 जूनला प्राण सोडला. लिडिया वाचली. स्वीनीने किटलीत काहीतरी टाकले आणि कागद चुलीत फेकला, हे तिने पाहिले होते.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केले, पण जठराचा दाह पित्तानेही होऊ शकतो म्हणून कच खाल्ली. आर्सेनिक ओळखण्याची मार्शची खात्रीची चाचणी निघायला अजून तीस वर्षे होती. राहिली लिडियाची साक्ष. व्हर्जिनियाच्या कायद्यात गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालतच नव्हती, मग ती व्यक्ती स्वतंत्र असली तरी. बचावाला वकील विल्यम वर्ट आणि अध्यक्ष वॉशिंग्टनचा पहिला ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ. स्वीनी खुनातून सुटला आणि चेकच्या प्रकरणातूनही शेवटी सुटला.

लोक इथे डॉक्टरांना दोष देतात, मला तो गौण वाटतो. क्रांतीनंतर व्हर्जिनियाचे कायदे नव्याने लिहायला जी समिती बसली, तिचे काम जेफरसन, विथ आणि पेंडलटन या तिघांनी केले. गुलामांविषयीच्या मसुद्यात साक्षीची ही जुनी बंदी त्यांनी तशीच ठेवली होती. तेव्हा ते कलम खोडणे त्यांना सुचले असते, तर लिडियाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहता आले असते.

प्रश्न : लिडियाचे पुढे काय झाले?

रिचमंडमध्ये तिचे स्वतःचे घर होते, त्यात ती भाडेकरू ठेवी. विषाने दृष्टी अधू झाली होती. 1807 मध्ये तिने अध्यक्ष जेफरसनला मदतीसाठी पत्र लिहिले, त्याने 50 डॉलर पाठवले. मृत्युपत्रानुसार जेफरसनला विथ यांची पुस्तके, चांदीचे पेले आणि सोन्याच्या मुठीची काठी मिळाली होती.

प्रश्न : अमेरिकेत मुलाकडे जाणार आहोत. यातले काही पाहता येईल का?

विल्यम्सबर्गमधले घर पाहता येते. स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनच्या वेढ्याआधी सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम तिथेच होता. कबर रिचमंडच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे. पुस्तके मात्र अवघड. जेफरसनने आपला संग्रह 1815 मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाला विकला, त्यात विथ यांची पुस्तकेही गेली, आणि 1851 च्या आगीत त्या संग्रहाचा बराच मोठा भाग जळाला. उरलेली वॉशिंग्टन शहरात त्याच ग्रंथालयात आहेत.