पसाभर जोंधळे आणि पुलाखालचा तंबू

प्रिय चिऊ,

शनिवारी गाडीत तू विचारलंस, "बाबा, गावी आजी वासुदेवाला जोंधळे घालते, पाया पडते. मग इथं अमेरिकेत पुलाखालच्या आजोबांचा तंबू पोलीस का काढायला लावतात? मराठी माणसं बेघरांशी जास्त चांगलं वागतात का?" मी 'हो' म्हणालो आणि सिग्नल सुटला. रात्री मला झोप लागेना. ते उत्तर अर्धंच होतं.

मी तुझ्याएवढा असताना पहाटे टाळ-चिपळ्यांचा आवाज आला की आजी मला उठवायची. दारात मोरपिसांची टोपी घातलेला, घोळदार अंगरख्यातला वासुदेव उभा असायचा. मी घाईघाईत मूठभर जोंधळे नेले की आजी परत पाठवायची. "मूठ मिटलेली असते रे, पसा भरून घाल." मग ती त्याला आजोबांचं नाव सांगायची आणि "दान पावलं, दान पावलं" म्हणताना तो ते नाव देवांच्या नावांबरोबर गायचा. आजी पदर डोळ्यांना लावायची. तिनं त्याला भीक घातली असं मला कधीच वाटलं नाही. तो काहीतरी देऊन जात होता.

आता उरलेलं अर्धं. गावाला वासुदेव हवा होता तो सकाळपुरता. नंदीबैलवाले, डोंबारी, गोसावी यांची पालं गावाबाहेर पडायची. आल्याची वर्दी पाटलाला द्यायची आणि थोड्या दिवसांत पाल उचलून पुढं जायचं. येण्याजाण्याची मोकळीक होती, राहण्याची नव्हती. 'ते फिरतेच आहेत, त्यांना घर कशाला' असं आम्ही किती सहज म्हणायचो! जन्मभर फिरावंच लागणं, ही कसली आवड?

काहींच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण लगेच १९५९ मध्ये आपल्याच मुंबई राज्यानं भीक मागण्याविरुद्ध कायदा केला. त्यात गाऊन, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणं हीसुद्धा भीक. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस पैसे मागेल अशा स्थितीत फिरतोय, एवढंही पुरे. पहिल्यांदा सापडला तरी वर्ष ते तीन वर्षं डांबता येतं. त्या व्याख्येत आजीचा वासुदेवही बसतो, चिऊ. हाच कायदा दिल्लीतही लागू होता; तिथल्या उच्च न्यायालयानं त्यातल्या बऱ्याच तरतुदी दिल्लीपुरत्या २०१८ मध्ये रद्द केल्या.

त्याच वर्षीची एक गोष्ट सांगायला जड जातंय, पण तू बारा वर्षांची आहेस. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. मोबाइलवर अफवा फिरत होती. पिढ्यानपिढ्या दारोदार फिरणारी माणसं, आणि त्या दिवशी त्यांची खूण पटवणारं कुणीच पुढं आलं नाही. तुला 'हो' म्हणताना मी हे विसरलो होतो.

गाडगेबाबांचं चित्र तू गावच्या शाळेत पाहिलंयस. चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि मडकं. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं ते स्वतःच्या मर्जीनं. पण बघ, स्वतः छपराशिवाय राहिलेल्या या माणसानं दुसऱ्यांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. "बेघरांना आसरा" हे त्यांच्या दशसूत्रीत आहे. आपण घर सोडलं म्हणून कुणाला घर नको असेल, असं ते धरून चालले नाहीत.

आता इथलं. आपल्या ओरेगन राज्यातच, पोर्टलंडहून गाडीनं दक्षिणेला चारेक तासांवर ग्रँट्स पास नावाचं गाव आहे. तिथं बागेत पांघरूण घेऊन झोपलं तरी दंड व्हायचा. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की गावाला असा दंड करता येतो. ज्याच्याकडे भाडं नाही त्याला शेकडो डॉलरांचा दंड! मला हा निकाल क्रूर वाटतो. गावाबाहेर पाल टाकायला लावणं आणि हे, यात मला फारसा फरक दिसत नाही.

तू विचारशील, मग पुलाखालचे आजोबा शेल्टरमध्ये का जात नाहीत? मी काल चहा घेऊन गेलो आणि त्यांनाच विचारलं. त्यांच्याजवळ म्हातारी कुत्री आहे, एक डोळा पांढरा झालेला. ते म्हणाले, तिला शेल्टरमध्ये घेत नाहीत. बोलता बोलता त्यांनी स्वतःची टोपी काढून तिच्या पाठीवर घातली. पाऊस सुरू झाला होता. क्षणभर वाटलं, या माणसाला धरूनच न्यावं. पण पायाशी झोपणारी कुत्री सोडायची का, हे मी कसं ठरवणार?

त्यांनी मला माझं नाव विचारलं. मग तुझंही. रविवारी तू ये. मोजे आणू का असं विचारलं तर म्हणाले, मोजे आहेत, तिच्यासाठी खाणं आण. थैली भरून घेऊ.

तुझा,
बाबा