गोव्यात कामाला आलेले परराज्यांतले मजूर इथल्या बंदीमुळे तंबाखू सोडतात का?

फार थोडे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात गोव्यात ९.७ टक्के लोक तंबाखू वापरत होते, देशात सर्वांत कमी. झारखंडात ३८.९, ओडिशात ४५.६. माणूस सवय गावाहूनच घेऊन येतो.

गोव्याने २००५ मध्येच गुटखा बंद केला, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागले, तोंडात गेले की पुन्हा गुटखाच. तळहातावर चुना लावून मळायची खैनी तर बंदीच्या कचाट्यात आलीच नाही. सार्वजनिक जागी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. तो बिडी-सिगारेटवाल्याला लागतो, खैनीवाला सुटतो. बिडीवर करही सिगारेटपेक्षा कमी. एकावर बंदी किंवा दंड आला की माणूस दुसऱ्याकडे वळतो, हीच खरी गळती.

कामाच्या साइटवर मदत करायची असेल तर २ मिलीग्रॅमचं निकोटिन गम, म्हणजे तंबाखूची तलफ कमी करणारं च्युइंगम, द्या, पण वापर समजावून. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चव ओसरली की पुन्हा चावायचं. एक गोळी साधारण अर्धा तास. भराभर चावलं की निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात आणि दुसऱ्याच दिवशी गम फेकून दिलं जातं. आधीची १५ मिनिटं चहा नको, नाहीतर ते नीट लागू पडत नाही. मजुरांचं गम बहुधा इथेच फसतं, कारण चहा आणि तलफ एकाच सुट्टीत येतात.

सोबत १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन सांगा. हिंदीतही बोलतात.