जुन्या शोकेस-पुतळ्यांच्या डोक्यांसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : मी पुण्यात राहते, वय ५२. दुकानांच्या शोकेसमधल्या जुन्या पुतळ्यांची डोकी जमवून दुरुस्त करते. गेल्या तीन वर्षांत ११ विकली, खर्च जाऊन एकामागे सरासरी ६ हजार सुटले. आता मुंबईचे एक संग्राहक ४० डोकी एकगठ्ठा ६ लाखांना देत आहेत. त्यातली दोन मेणाची, पॅरिसचे जुने पुतळे-निर्माते पिएर इमान्स यांची आहेत असं ते म्हणतात. ती परदेशी विकता येतील. आमच्या ९ लाखांच्या ठेवींपैकी ६ लाखांची (व्याज ७ टक्के) मोडावी का? मिस्टर दोन वर्षांत निवृत्त होतील, पेन्शन नाही. महिन्याचा घरखर्च ४५ हजार.

उत्तर : ताई, ठेव मोडू नका. तुमच्या हातातली कला खरी आहे, तिला गिऱ्हाईकही आहे. अडचण विक्रीच्या वेगाची आहे. वर्षाला चार डोकी जातात, म्हणजे ४० संपायला दहा वर्षं. एकामागे ६ हजार धरले तर एकूण नफा २ लाख ४० हजार. या दहा वर्षांत रक्कम हळूहळू मोकळी होईल, म्हणजे सरासरी ३ लाख अडकून राहतील. त्यांचं ७ टक्क्यांनी बुडालेलं व्याज, सरळव्याजानंच, २ लाख १० हजार. दहा वर्षं घासलेल्या, रंगवलेल्या हातांना उरले ३० हजार! मुदतीआधी ठेव मोडल्याचा दंड वेगळाच. शिवाय मागे राहणारे ३ लाख म्हणजे जेमतेम साडेसहा महिन्यांचा घरखर्च, आणि पगार दोनच वर्षं आहे.

आता त्या दोन मेणाच्या डोक्यांबद्दल. सगळ्या गठ्ठ्याची किंमत त्यांच्यावर उभी दिसते. इमान्स यांची मेणाची डोकी काचेचे डोळे आणि एकेक करून रोवलेले खरे केस यांसाठी ओळखली जातात. सही किंवा शिक्का दिसल्याशिवाय त्या नावाचे पैसे देऊ नका. आणि ती खरी निघाली, तरी परदेशी विक्रीचा हिशेब जपून करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू तेवढी जुनी नाही, असं पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे डोकं जितकं जुनं आणि मोलाचं, तितकं ते इथंच विकावं लागण्याची शक्यता जास्त.

ठेवायची जागाही मोजा. पावसाळ्यात प्लॅस्टर ओल धरतं, आतली लोखंडी तार गंजून फुगते आणि मान तडकते. कागदाच्या लगद्याच्या डोक्यांना वाळवी लागते, मेण उन्हाळ्यात मऊ पडतं. बहुतेक गृहविम्यांत अशा वस्तू आपोआप येत नाहीत, वेगळ्या जाहीर कराव्या लागतात.

माझा सल्ला असा. या छंदानं कमावलेले ६६ हजार हीच तुमची मर्यादा. त्यात मूळ रंग शाबूत असलेली चार प्लॅस्टरची डोकी निवडा. गालावर नवा रंग चढवलेली नकोत, जाणकार मूळ रंगालाच पैसे देतात. उरलेल्यांसाठी संग्राहकांना सांगा : ‘माल तुमचा, दुरुस्ती माझी.’ सामानाचा खर्च त्यांनी आधी द्यायचा, विक्री झाली की तुम्हाला वाटा द्यायचा, आणि हे सगळं कागदावर. जुना काळ दाखवणाऱ्या चित्रीकरणांच्या कलादिग्दर्शकांना डोकी भाड्यानं देता येतील का, तेही विचारून पाहा. भाड्यात वस्तू आपलीच राहते.

करांचं थोडक्यात : तुम्ही नियमित घेता-विकता, तेव्हा हा नफा व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवा. महाराष्ट्राबाहेर माल विकणार असाल तर उलाढाल कितीही लहान असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. पहिल्या पार्सलआधी सीएंना भेटा.

संग्राहक ‘सगळी घ्या नाहीतर राहू द्या’ म्हणाले, तर राहू द्या. विसारही देऊ नका.