गुण्या कुठे गेला? हत्यारांच्या नावांचे गोंधळ

मिस्त्रींनी "गुण्या घेऊन ये" म्हटलं आणि तू सुतारकामाच्या वर्कशॉपभर गुण्या नावाचा माणूस शोधत फिरलास, आता ही नावं लक्षात कशी ठेवू, हा तुझा प्रश्न वाचून पोट धरून हसलो, पण वाईट वाटून घेऊ नकोस, गण्या बाळ्या अशा हाका ऐकत वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार! बाकीच्यांसाठी सांगतो, गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लाकडी किंवा धातूचा दांडा आणि त्याला 90 अंशात बसवलेली स्टीलची पट्टी. आता ओळख झालीच आहे तर त्याची परीक्षा पण शिकून घे. सरळ कडेच्या फळीला दांडा टेकवून एक रेघ मार, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी मार. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्याची चूक.

असाच गोड गोंधळ शेगड्याचा. एका पोराला मिस्त्री म्हणाले फळी शेगड्यात धर, तर तो एकदम गंभीर होऊन विचारतो, "जळणार नाही का?" त्याच्या डोक्यात शेगडी! शेगडा म्हणजे लाकूड घट्ट पकडणारा बेंच व्हाइस. त्याचे जबडे लोखंडी असतील तर मध्ये लाकडी चिपा ठेवायच्या, नाहीतर मऊ लाकडावर वळ उठतात.

इंग्रजी नावांचं तर विचारूच नका. "बास्टर्ड फाइल दे" ऐकून मदतनिसाचा चेहरा पडलेला मी पाहिलाय, त्याला वाटलं शिवी आपल्याला पडली. ती खरं तर कानशीच्या दातांची प्रत आहे, एकदम खरबरीत आणि मध्यम यांच्या मधली. मेटलच्या रंध्यात पातं ज्या तिरक्या भागावर टेकतं त्याचं नाव फ्रॉग, त्यामुळे "बेडूक साफ कर" म्हटलं की नवीन माणूस दोन पावलं मागे सरकतो. आणि बिस्किटं मागितली की कुणीतरी चहाचं पण विचारतंच, ती बिचारी दाबलेल्या बीच लाकडाच्या चपट्या चकत्या असतात, गोंदातलं पाणी पिऊन फुगतात आणि जोड आवळतात. म्हणून पाकीट दमट हवेत उघडं ठेवू नका, आधीच फुगली तर खाचेत जाणार नाहीत.

रंध्याच्या नंबरात मात्र भले भले फसतात. 4 नंबर म्हणजे 4 इंच, असं धरून चालतात. हे स्टॅनली या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीच्या मॉडेलचे नंबर, लेनर्ड बेलीची रंध्याची पेटंटं कंपनीने 1869 मध्ये घेतली, त्याच घराण्यातले. लांबी साधारण अशी, 4 नंबर 9 ते साडेनऊ इंच, 5 नंबर 14 इंच, 7 नंबर 22 इंच. शेवटची सफाई करायला 4 घे, लांब फळीची कड सरळ करायला 7. एकच घ्यायचा असेल तर मी 5 सांगेन, दोन्हीकडचं थोडं थोडं काम निभावून नेतो.

राउटरचा, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने (कापणाऱ्या पात्याने) लाकडात खाचा पाडणाऱ्या मशीनचा घोळ वरून सगळ्यात निरागस दिसतो. कुणी म्हणतं राउटर बंद पडलाय, दुसरा म्हणतो वायफाय रीस्टार्ट कर, हसून विषय संपतो. पण बिटच्या बाबतीत हसण्यावारी नेऊ नकोस, ही एकच गोष्ट मी कळकळीने सांगतोय. ड्रिलचं बिट पण बिटच आणि राउटरचं पण बिटच, दांडी पण कधी कधी सारख्या जाडीची, म्हणून लोक ड्रिलचं बिट राउटरला लावून बघतात. राउटर मिनिटाला 20,000 फेऱ्यांच्या वर जाऊ शकतो आणि बिटवर बाजूने दाब येतो, ड्रिलचं बिट त्यासाठी बनवलेलंच नसतं, वाकून किंवा तुटून उडेल.

तू लक्षात कसं ठेवू विचारलंस, तर पाठ करत बसू नकोस. जिथे हत्यार टांगतोस तिथे मास्किंग टेपवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं आणि खाली काम लिही. मागताना नाव आठवलं नाही तर सरळ काम सांग, "काटकोन बघायचं ते द्या", कुठलाही मिस्त्री बरोबर तेच देतो. फक्त बिटांच्या दोन पेट्या वेगळ्या ठेव, आणि मोठ्या राउटर बिटच्या दांडीवर किंवा पाकिटावर जास्तीत जास्त किती वेगाने चालवायचं ते छापलेलं असतं, मशीन चालू करायच्या आधी ते वाच आणि वेग तेवढा खाली आण.