सपाट ग्रामीण भागातून एकट्याने, सामान लादून दिवसात 100 किमी सायकल चालवायची आहे. चढ नाहीत म्हणजे सोपं जाईल ना?

चढ नाहीत, पण उतारही नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. डोंगरात उतारावर पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो, हात मोकळे होतात. सपाटीवर पाय थांबले की सायकलही थांबायला लागते. तासन् तास एकाच बैठकीत पेडल मारायची तयारी हवी. आणि चढाची भरपाई वारा करतो.

म्हणून दिवस आखताना आधी वारा बघा, किलोमीटर नंतर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी 20 किमीने चाललात आणि समोरून 15 चा वारा असला, तर अंगावर 35 ची हवा येते, म्हणजे रोध जवळजवळ तिप्पट. तेवढ्याच मेहनतीत सामानासह वेग 13 च्या आसपास उतरतो. पाच तासांचं अंतर साडेसात तासांवर जातं. अशा वेळी 20 चा हट्ट धरू नका. गिअर हलका करा, पाय मिनिटाला 80-85 फेऱ्यांनी फिरू द्या आणि वेगाचा आकडा बघणं सोडून द्या. जोर लावून जड गिअर ओढत राहिलात तर दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात.

हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो, आपल्या उंचीला तो काहीसा कमी लागतो. रस्त्यावर झाडं बघा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी 12 ते 19 किमी. धूळ आणि कागद उडत असतील, लहान फांद्या हलत असतील तर 20 ते 28. दुसऱ्या प्रकारचा वारा दिवसभर समोरून येणार असेल तर मी 100 ऐवजी 65-70 किमीचाच मुक्काम ठरवायला सांगेन.

ऊन चढलं की जमीन तापते आणि वरची वेगवान हवा खाली मिसळते. त्यामुळे वारा सहसा उशिरा सकाळी वाढतो, दुपारी जोरात असतो आणि सूर्यास्ताकडे पडतो. उजाडताच निघा, अकरापर्यंत 60 किमी उरका, दुपारी सावलीत थांबा, उरलेलं चारनंतर. अंधाराआधी तासभर मुक्कामी पोहोचायचं धरून चाला.

शरीराचं म्हणाल तर दर 10-15 मिनिटांनी वीस-तीस पेडल उभं राहून मारा, आणि हँडलवरची पकड बदलत राहा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे. मनगट सरळ ठेवा, हँडल थोडं वर घ्या. सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, शिवणीच घासतात. उन्हात तासाला 500 ते 750 मिली पाणी लागतं. मात्र नुसतं पाणी पीत राहणंही धोक्याचं, कारण घामातून मीठ जातं; ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा. निघाल्यापासून दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, भुकेची वाट बघू नका. आणि पुढच्या गावाची उंच टाकी दिसली म्हणून शेवटची बाटली संपवू नका. हवा स्वच्छ असेल तर 20 मीटर उंचीची टाकी सपाटीवर 20 किमीवरूनही दिसू शकते, म्हणजे अजून तासाभराचा रस्ता.

आता पंक्चर. एकट्याने जाणाऱ्याला हे नीट यायलाच हवं. 35 मिमीचे टायर, आणि तुम्ही अधिक सामान मिळून 90-100 किलो असेल, तर मागे 55-60 आणि पुढे 45-50 पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) हवा ठीक. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहा. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणा, म्हणजे ट्यूबचं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच सापडतं. मोठ्या रस्त्यांच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. त्यातली दोन-तीन मिलिमीटरची तार टायरमध्ये राहिली की नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. ती डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे ती आहे, चिमट्याने ओढून काढा. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठाने ट्यूब चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे आऱ्यांची टोकं झाकणारी रिमच्या आतली पट्टी, सरकली आहे. रस्त्यात ट्यूब बदला आणि पॅच मुक्कामी लावा. सोल्यूशन ओलं असताना पॅच चिकटवणं ही नेहमीची चूक. ट्यूब घासा, पातळ थर द्या, चमक जाईपर्यंत पाचेक मिनिटं थांबा, मग दाबा.

जवळ दोन ट्यूब, पॅच, पंप, 4-5-6 मिमीच्या ॲलन की, आरे कसायची स्पोक की, तुटलेली चेन जोडायची कडी (क्विक लिंक) आणि चेनची पिन काढायचं चेन टूल असू द्या. वजनाने मागच्या चाकाचा आरा तुटला तर तो शेजारच्याला टेपने बांधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करा. चाक पुढच्या गावापर्यंत जाण्याइतकं सरळ होतं. कॅरिअरचे बोल्ट हादऱ्यांनी सुटतात, रोज सकाळी हाताने तपासा.

आडव्या वाऱ्यात ट्रक जवळून गेला की क्षणभर वारा तुटतो आणि मग थाडकन आदळतो. काठाला अगदी चिकटून चालू नका, मीटरभर जागा ठेवा, हँडल सैल हाताने धरा.

विजेपासून मात्र मोकळ्या माळावर आसरा नाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिरा; एकट्या झाडाखाली मुळीच नको. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं गेल्यावरच निघा, मुक्काम चुकला तरी चालेल.