रंग नंतर, आधी व्हॉल्व्ह खोलून बघ

प्रिय बाळ,

फोटो मिळाले. रत्नागिरीला काठावर ओढलेली शिडाची बोट आणि शेजारी तू रंगाचा डबा घेऊन उभा, बघून खूप बरं वाटलं, आपल्या कोल्हापूरच्या पोरानं रंकाळ्याच्या पलीकडचं पाणी बघावं हे माझ्या मनात फार वर्षं होतं. पण तो डबा आता आत ठेव. तीस वर्षांची बोट, यंदा कोची आणि पुढच्या साली मालदीव म्हणतोस, तर जिथं नजर जात नाही तिथं आधी हात घाल.

सुरुवात तळातल्या भोकांपासून. इंजिन थंड करायचं पाणी, संडास, सिंक, प्रत्येकाला तळात एक भोक आणि त्यावर एक व्हॉल्व्ह. एकेक खोलून काढ आणि कानशीनं घासून बघ. पिवळं लखलखीत निघालं तर साधं पितळ आहे, बदलून टाक. गुलाबी आणि भुसभुशीत निघालं तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यानं खाल्लंय, उरलंय ते तांब्याचं नुसतं जाळं, हातोडीनं हळू टोकलंस तरी तुटंल. मला एका दुकानदारानं गनमेटल, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारा तांबं-कथलाचा धातू, म्हणून पितळ दिलं होतं, बाहेरून काय कळतंय. चौथ्या वर्षी समुद्रात हँडल फिरवलं आणि व्हॉल्व्हचा गळाच हातात आला, मनगटाएवढी धार आत, मी तळहात दाबून बसलो आणि जोडीदारानं लाकडी बूच ठोकलं म्हणून आज हे पत्र लिहितोय. तेव्हा मऊ लाकडाचं निमुळतं बूच प्रत्येक व्हॉल्व्हला दोरीनं बांधून ठेव, डब्यात नको, तिथंच. इथं कोल्हापुरात उद्यमनगरात गनमेटल ओतणारे आणि टर्निंग करणारे पावलापावलावर आहेत, फक्त भंगारातलं मिक्स नको म्हणून सांग, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट माग, लाजू नकोस.

मग डोलकाठी. तिच्या तारा डेकला ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधल्यात त्या वरून आरशासारख्या दिसतील. फसू नकोस. स्टेनलेस टिकतं ते हवेमुळं, हवा लागली की त्याच्यावर एक पातळ थर धरतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. डेकच्या आत ओल आहे पण हवा नाही, तिथं थर जातो आणि बारीक भेगा पडतात. म्हणून सगळ्या पट्ट्या काढून इकडं घेऊन ये. डीपी टेस्ट करू, लाल रंग मारायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, केसाएवढी चीर असली तरी लाल रेघ होऊन वर येते. रेघ दिसली की पट्टी भंगारात, वेल्डिंग करून चालवायचं नाही. ताराही दहा-बारा वर्षांच्या असतील तर बदल, तारेचा एक जरी पेड (पिळातली बारीक तार) तुटलेला दिसला तरी बदल.

नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून म्हादेई ही शिडाची बोट घेऊन एकटे निघाले ते मार्चअखेर परत आले, अख्खी पृथ्वी फिरून, मध्ये एकही बंदर नाही. तिकडं वर्कशॉप कुठलं? जे काय करायचं ते निघायच्या आधीच.

बाकीचं भराभर सांगतो. शिडाचं कापड चांगलं असलं तरी उन्हानं आधी शिवण कुजते, नखानं दोरा ओढून बघ. डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी काढ, फिल्टर आणि पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इंपेलर, दोन-दोन जास्तीचे घे. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर धर आणि एकाच टाकीत भरू नकोस. संकटात मदत मागायचं रेडिओचं १६ नंबर चॅनेल आणि कोस्टगार्डचा फोन नंबर १५५४ आईलाही लिहून दे. आणि मेच्या मध्यापर्यंत परत ये, १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद ठेवतात तेव्हा समुद्र कसा असतो ते तिथल्या मिरकरवाडा बंदरात कुणाही मच्छीमाराला विचार.

या रविवारी दुकान उघडं ठेवतो. आंबा घाटातून सकाळी लवकर निघ, पट्ट्या आणि सगळे व्हॉल्व्ह पोत्यात घालून आण, कुठला कुठं होता ते खडूनं लिहून.

तुझा,
काका