हाडांसाठी मेकॅनिकल सोडायची गरज नाही

सप्रेम नमस्कार.

हर्णैहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी लोणेऱ्याला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पावसात अंगणातल्या शेवाळावर घसरून तुमच्या आईंचा खुबा मोडला. हाड ठिसूळ झालंय, असं सर्जन म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या काकांचा खुबा संधिवातामुळे बदलला, त्यांचं हाड मात्र दाट निघालं. तेव्हापासून मुलीने रोगट हाडाची ताकद हा विषय धरून ठेवलाय, आणि तुम्ही विचारता, ‘हाडांचंच करायचं होतं तर डॉक्टरकीला का नाही गेली?’

कारण तिला पडलेला प्रश्न मेकॅनिकलचाच आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आतून भरीव नसतो, जांभ्याच्या चिऱ्यासारखा जाळीदार असतो. साधं चालतानाही त्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. या जाळीची ताकद ढोबळमानाने घनतेच्या वर्गाच्या (घनता गुणिले घनता) प्रमाणात बदलते. म्हणजे घनता ३० टक्क्यांनी घटली की ताकद निम्म्यावर येते. काकांचं वेगळं. झिजेच्या संधिवातात गोळ्यातलं हाड दाट होतं, पण त्यात खनिज तुलनेने कमी असतं. त्यामुळे घनतेवरून वाटावं तेवढं ते ताठ, म्हणजे भाराखाली न दबणारं, नसतं. दाट दिसलं म्हणून मजबूत, असं धरून चालत नाही. पुढे कृत्रिम सांधा बसवतानाही हाच हिशेब. टायटॅनियमचा मिश्रधातू भरीव हाडाच्या पाच-सहा पट ताठ असतो. बराचसा भार तोच उचलतो, भोवतालच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जातं. हा गुंता सोडवायला स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख, म्हणजे किती ताणाला वस्तूचा आकार किती बदलतो ते, वाचणारं माणूस लागतं.

तुम्ही बोटींची इंजिनं दुरुस्त करता, म्हणून एक सांगतो. आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया इंग्लंडमध्ये सर्जन जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी आधी वापरलेलं टेफ्लॉन रुग्णांच्या अंगात झिजून गेलं. पॉलिएथिलिनचा तुकडा समोर आला तेव्हा त्यांनी तो नापसंत केला. त्यांच्या वर्कशॉपमधल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने तरीही तो झीज मोजायच्या यंत्रावर चढवला, आणि तो टिकला. १९६२ मध्ये तेच प्लास्टिक रुग्णांमध्ये बसू लागलं. क्रेव्हन डॉक्टर नव्हते.

आता पोटापाण्याचं. तुमची काळजी रास्त आहे. बी.टेक. झाल्याझाल्या या विषयात नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही, आणि कोकणात तर अवघडच. इम्प्लांटचे कारखाने वापी, राजकोटकडे आहेत. तिथे मेकॅनिकलवाल्यांना काम मिळतं ते मुख्यतः उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीचं. संशोधन करायचं तर एम.टेक. हवं, बहुधा पीएच.डी.ही. पवईची आयआयटी, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था इथे बायोमेडिकलचं काम चालतं. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, तरी माझ्या मते तिने मेकॅनिकलचाच द्यावा. हवी ती जागा हुकली तरी त्यावर बाकीचे रस्ते उघडे राहतात. कोणती संस्था कोणता पेपर धरते, ते त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात बघा. ती नोकरीच्या मुलाखतीही देईल, अशी अट तुम्ही जरूर घाला. पण विषय सोड, असं म्हणू नका.

पत्राखाली मुलीने दोन ओळी जोडल्यात: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ऑपरेशनमध्ये काढलेलं हाड मिळेल का? बाळ, त्याला नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. एखादे सर्जन सोबत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. मटणवाल्याकडून मांडीचं हाड आण. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव, कारण वाळलेलं हाड जास्त ताठ आणि ठिसूळ वागतं. ठोकळे भाराच्या दिशेने आणि आडवे, असे दोन्ही काप, आकडे वेगळे येतील. आणि कॉलेजातलं यूटीएम, म्हणजे ओढून-दाबून ताकद मोजायचं यंत्र, लोखंडी सळया ओढण्यासाठी असतं. सेंटिमीटरभराचा जाळीदार ठोकळा एक-दोन किलोन्यूटनलाच (शंभर-दोनशे किलोच्या भाराला) चिरडला जाऊ शकतो, तेव्हा कमी क्षमतेचा लोडसेल (यंत्रातला भार मोजणारा भाग) कुठे मिळतो ते सरांना आधी विचार.